वीगांडबाईंचा मध्ययुगी कप्पा

इर्मट्राउड वीगांड या बाईंना जगात एकच गोष्ट सहन होत नसे, ती म्हणजे जागा नसलेली वस्तू. घरी चमचा चुकीच्या खणात पडला तर नवऱ्याला जेवताना त्यावर व्याख्यान मिळे. आमच्या हाल्बरश्टाटच्या ग्रंथालयात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. मग पूर्व-पश्चिमेमधली भिंत पडली, देश एक झाला आणि ग्रंथालयाला एकाएकी एवढी माणसं नकोशी झाली. बाई घरी बसल्या. दुसरी कुणी असती तर नशिबाला बोल लावत बसली असती. बाईंनी एक बंद पडलेलं मासळीचं दुकान भाड्याने घेतलं, फरशी सोड्याने घासघासून धुतली आणि तिथे गाण्यांच्या सीडी विकायला सुरुवात केली. हवा दमट झाली की भिंतींतून अजून हेरिंगचा वास यायचा. काळ्या जाकिटातली केसाळ पोरं दारातच नाक उडवून म्हणायची, "आज ताजा माल आलाय वाटतं, बाई." बाई वर न बघता म्हणायच्या, "पाय पुसून आत या."

मी समोरच्या खाटकाच्या दुकानात काउंटरवर असे आणि सुट्टीच्या दिवशी ढोल बडवत असे. दोन्ही कामांत हाताला वजन लागतं. बाईंचा नवरा फोल्कमार हा आमच्या चमूचा म्होरक्या. तो बॅगपाइप वाजवायचा आणि स्वतः बनवायचाही. कारखान्यात लेथवर होता. कारखाना मोडीत निघाला तेव्हा त्याने तेवढा लेथ उचलून आपल्या गॅरेजमध्ये आणून ठेवला. मोठ्या हाडापेराचा, दाढीवाला, आवाजाने मऊ माणूस. उन्हाळाभर आम्ही किल्ल्यांच्या आवारांत भरणाऱ्या मध्ययुगी बाजारांत वाजवत हिंडायचो. अंगात चामड्याचे कुडते, पायांत हाताने शिवलेले बूट. बाजाराचा व्यवस्थापक मनगटावर घड्याळ दिसलं तरी हाकलून द्यायचा. पुढे आमच्यात रीको नावाचा तरणा गिटारवाला आला आणि आम्ही विजेवर गेलो, तेव्हा तारा पेंढ्याखाली लपवायला लागल्या. चमूचं नाव राबेनब्रोट, म्हणजे कावळ्यांची भाकरी. नाव मी सुचवलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तर नव्वदीच्या शेवटाकडे बाईंच्या दुकानात असल्याच सीडी येऊ लागल्या. आमच्यासारखेच बाजारातले लोक पाइप आणि शॉम घेऊन विजेच्या गिटारवाल्यांबरोबर वाजवू लागले होते. शॉम म्हणजे सनईच्या जातीचं, कान किटवणारं वाद्य. ही सगळी मंडळी एका दमात इतका गोंगाट करायची की गावातली कबुतरं उडावीत. आता हे ठेवायचं कुठे? घाऊक व्यापारी प्रत्येक पेटीवर वेगळंच लिहून पाठवायचा. कधी 'लोकसंगीत', कधी 'रॉक', कधी 'इतर'. एकदा वेष्टणावर विदूषकाचं चित्र होतं म्हणून 'बालगीते' लिहून आलं. एक आजीबाई ती सीडी नातवाच्या वाढदिवसाला घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "यात सगळे प्लेगने मरतात."

लोकसंगीताच्या कप्प्यात ठेवलं तर ओसेनकॉप सर चिडायचे. हे निवृत्त संगीतशिक्षक. जुनी नाताळगीतं समजून त्यांनी एक सीडी नेली, बायकोबरोबर कॉफी पिताना लावली आणि कॉफीसकट कप गालिच्यावर गेला. मेटलच्या, म्हणजे जड कर्कश रॉकच्या, कप्प्यात ठेवलं तर काळी जाकिटं नाक मुरडायची. आणि ज्यांना नेमकं हेच हवं होतं ती माणसं दुकानभर उकरत हिंडायची, काही न मिळून हात हलवत परत जायची. बाईंना हे जिवाला लागलं. ग्रंथालयात आयुष्य गेलेलं. वाचकाला हवं ते पुस्तक घरात असून सापडत नाही, हे त्यांच्या दृष्टीने पापच.

एका शनिवारी दुपारी दुकान बंद केल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना आत घेतलं. मी, फोल्कमार, रीको, ओसेनकॉप सर आणि दोन-चार नेहमीची काळी जाकिटं. बाईंनी काउंटरवर पुठ्ठ्याची एक कोरी पाटी ठेवली, कप्प्यांत मध्ये उभी करतात तशी.

"हिच्यावर काय लिहायचं ते ठरल्याशिवाय कुणी घरी जाणार नाही," त्या म्हणाल्या. "ब्रेड आणि वर लावायची चरबी मागच्या खोलीत आहे."

"मध्ययुगी रॉक," एक जण म्हणाला.

"रॉक लिहिलंत तर माझ्या बापाच्या वयाची माणसं येतील," रीको म्हणाला. "मेटल लिहा."

"पण यात मध्ययुगी काय आहे?" ओसेनकॉप सरांनी चष्मा वर केला. "हे लोक दात घासतात."

"रोज नाही," मी म्हणाले.

सर हसले नाहीत. त्यांचं म्हणणं, ज्याला मध्ययुगी म्हणायचं त्यात काहीतरी त्या काळचं हवं. सगळ्यांनी फोल्कमारच्या पाइपकडे बोट दाखवलं. फोल्कमार अवघडला. खोटं बोलणं त्याच्या रक्तात नाही.

"तसं बघायला गेलं तर," तो म्हणाला, "हा एवढा मोठा आवाजाचा पाइप आपल्याकडच्याच हौशी लोकांनी जुनी चित्रं बघून घडवला. बाजारात ऐकू जावा म्हणून. मी पहिला बनवला तेव्हा आमचं लग्न झालेलं होतं."

"म्हणजे तुझा मध्ययुगी पाइप माझ्या गिटारीहून वयाने लहान," रीको म्हणाला आणि इतका हसला की त्याला चरबी-ब्रेडचा ठसका लागला.

सरांना तर घबाड सापडलं. आता हे नाव चालणारच नाही, असं ते टेबलावर बोट आपटून सांगू लागले. बाईंनी त्यांना बोलू दिलं. मग म्हणाल्या, "सर, नाव खरं की खोटं ते तुम्ही शाळेत तपासा. दुकानात नाव म्हणजे हात कुठे घालायचा ते. उद्या तुमच्या दारात कुणी येऊन विचारलं, ते पाइप आणि गिटारवालं कुठे आहे, तर काय म्हणाल?"

सर म्हणाले, "मी दारच उघडणार नाही."

पण तेवढ्यावर मिटलं. बाईंनी जाड काळ्या पेनाने ग्रंथालयातल्या त्यांच्या सरळ अक्षरात लिहिलं: मध्ययुगी मेटल.

नाव झालं, पण खरी कटकट पुढेच होती. त्या पाटीमागे जाणार कोण? दोन-चार महिन्यांत जो तो अंगावर पोतं पांघरून फोटो काढायला लागला. तलवार धरली, नाव जुन्या वळणाच्या अक्षरांत लिहिलं की झालं मध्ययुगी. बाई मग दर शनिवारी दुपारी आलेला माल लावून ऐकायच्या. मानेला पट्टा अडकवल्यासारख्या ताठ, डोळे मिटून. मेटलमधलं त्यांना सुरुवातीला ओ की ठो कळत नव्हतं. रीको त्यांना समजावून सांगायचा. पण ऐकून ऐकून त्यांनी स्वतःची कसोटी काढली आणि ती पाटीच्या मागच्या बाजूला लिहून टाकली. चाल कोण वाहतं? पाइप, शॉम किंवा असं जुन्या धाटणीचं वाद्य चाल वाहत असेल आणि गिटार तिला खांद्यावर घेऊन धावत असेल, तर आत. पाइप फक्त आरंभाला आणि शेवटी वाजून गप्प बसत असेल, तर बाहेर. आणि खाली एक ओळ: कपड्यांवरून ठरवू नये.

बाहेर पडलेल्यांना दुकानात 'पार्स्ली' म्हणायला लागले. उकडलेल्या बटाट्यावर कोथिंबिरीसारखी भुरभुरतात ती. ती काढली तरी बटाट्याचं काही बिघडत नाही. "बाई, हे काय आहे?" "पार्स्ली," असं म्हणून सीडी खाडकन 'रॉक, इतर'मध्ये जायची. हा शब्द एवढा पसरला की माग्डेबुर्गहून एक दुकानदार मुद्दाम येऊन पाटीच्या दोन्ही बाजू उतरवून घेऊन गेला. हार्त्स डोंगराकडच्या सगळ्या वेड्यांना ठाऊक झालं होतं की वीगांडबाईंच्या त्या पाटीमागे जे आहे ते डोळे झाकून घ्यावं. मागे नाही ते कुणी हातातही घेत नसे.

आणि त्याच वर्षी आम्ही आमची पहिली सीडी काढायला निघालो.

फोल्कमारला त्या पाटीमागे जायचं होतं. त्याने तसं तोंडाने कधी म्हटलं नाही. पण दुकानात आला की तो तिथेच उभा राहायचा, बोटाने पाटी पुढे-मागे करायचा आणि मग उगाच खिडकी पुसायला घ्यायचा. इतक्या वर्षांच्या बाजारातल्या वाजवण्यातून त्याच्या हाती लागेल असं काही राहिलं नव्हतं. वारा घेऊन गेला होता सगळं. ही एक सीडी राहणार होती, आणि ती आपल्या बायकोने आपल्या हाताने योग्य जागी ठेवावी, एवढंच त्याला हवं होतं. मला हे स्वच्छ कळत होतं, कारण तो वाजवत नसला की सॉसेज घ्यायला आमच्या दुकानात येऊन नुसता उभा राहायचा.

ध्वनिमुद्रण एका मोठ्या शहरातल्या तळघरात झालं. भिंतींना फोमचे तुकडे, हवा कोंदट. पाइप उघड्यावर वाजवणारं वाद्य. त्या उबेत त्याची जिव्हाळी, म्हणजे सूर काढणारी पातळ पत्ती, वाळली, सूर चढायला लागला. तरी फोल्कमारने मार्ग काढला. आम्ही खूश होऊन घरी आलो.

पेटी दुकानात आली ती शनिवारीच. बाईंनी दार बंद केलं. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून आमचीही सीडी लावून ऐकायची. त्या ताठ बसल्या, डोळे मिटले. फोल्कमार शिडीला टेकून उभा, रीको काउंटरपाशी. मी माझी चूक कुठे ऐकू येते का ते बघत होते.

पहिलं गाणं संपलं. दुसरं संपलं. बाई डोळे न उघडता म्हणाल्या, "पाइप कुठे आहे?"

"आहे की," फोल्कमार म्हणाला. "मागे आहे."

"मागे का?"

फोल्कमारने शिडीकडे तोंड फिरवलं. शेवटी रीको म्हणाला, "त्यानेच तळघरातल्या तंत्रज्ञाला सांगितलं, पाइपचा आवाज खाली घ्या. मी भांडलो, पण ऐकेना."

"कशाला सांगितलंस?" बाईंनी आता डोळे उघडले होते.

फोल्कमार शिडीच्या पायरीवरची धूळ बोटाने पुसत होता. "तुझ्या दुकानात दिवसभर लागणार," तो म्हणाला. "तुझं डोकं दुखायला नको. इतकी वर्षं तू म्हणतेसच, हळू वाजव, हळू वाजव."

मला वाटलं, आता ही बाई उठेल, त्याच्या गळ्यात पडेल आणि सीडी पाटीमागे ठेवेल. कुणीही तसंच केलं असतं. बाई उठल्या. सीडी काढून त्यांनी डबीत नीट बसवली. मग 'रॉक, इतर'च्या कप्प्याकडे गेल्या आणि त्यांनी ती तिथे ठेवली. या खेपेला खाडकन नाही, हळूच.

"ट्राउडल, बरोबर आहे तुझं," फोल्कमार बायकोला घरच्या नावाने म्हणाला आणि कोट घालून घरी गेला.

मला माझा राग आवरता येत नाही, हे आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी, हातात कच्च्या खिम्याचा ट्रे तसाच, मी रस्ता ओलांडून गेले.

"बाई, एक सीडी तिकडे ठेवली असती तर आकाश कोसळणार होतं?"

"मार्लिस, ट्रे खाली ठेव."

"नवरा आहे तो तुमचा."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या. "कुणीतरी विश्वासाने ती घरी नेईल, लावेल आणि म्हणेल, हे काय, पाइपवाल्याची बायको दुकानात बसली म्हणून होय? मग फोल्कमारला काय मिळालं? आणि एकदा असं घुसवलं की तो कप्पा उरत नाही, केराची टोपली होते."

मी आणखी चिडले. "पाटीवर लिहिलंत चाल कोण वाहतं. फोल्कमार कसा वाहतो ते तुम्ही कधी ऐकलंय? समोर उभं राहून?"

बाजार भरतात शनिवारी. शनिवारी पूर्वी ग्रंथालय उघडं असायचं आणि आता दुकान, दुपारी माल ऐकणं. घरी तो सराव करायचा तो गॅरेजमध्ये, दार लावून, सुराच्या नळीत मोजा कोंबून.

"भिंतीतून ऐकलंय," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा पडला की मला माझ्या बोलण्याची लाज वाटली. मी ट्रे उचलला आणि कामाला गेले.

पुढच्या शनिवारी आमचा बाजार डोंगराच्या पायथ्याशी, एका पडक्या किल्ल्याच्या कुरणात होता. आम्ही दुपारी मंचावर चढलो. मंच कसला, चार गाड्यांच्या फळ्या. समोर मध-दारूचे पेले घेतलेली गर्दी, तव्यांवर सॉसेज, धूर. मी ढोल लावत होते आणि मला कोपऱ्यात निळी गाडी दिसली. फोल्कमारचीच, पण ती तो घरी ठेवून आला होता. तिच्यापाशी बाई उभ्या होत्या. दुकानातला करडा कोट, हातात पर्स. दुकान बंद करून आल्या होत्या. व्यवस्थापक त्यांच्या कोटाकडे आणि घड्याळाकडे बघत त्यांना काही सांगायला गेला. त्यांनी त्याला असं काही सुनावलं की तो दोन पावलं मागे सरला.

फोल्कमारने त्यांना पाहिलं नाही. तो वाजवताना कुणालाच पाहत नाही. त्याने पिशवी काखेत घेतली, एक फटका मारून हवा भरली आणि पाइप उठला.

आता हे मी कसं सांगू? पाइपचा आवाज जवळून कानाला ऐकू येत नाही, तो छातीत भरतो. रीकोची गिटार खालून घरघरत वर आली आणि तिने ती चाल उचलली. माझे हात आपोआप चालत होते. माणसं नाचायला लागली, चिखल उडाला. बाई गर्दीतून पुढे येत होत्या. कुणाला धक्का देत नव्हत्या, पण थांबतही नव्हत्या, आणि शेवटी अगदी मंचाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. पर्स छातीशी धरलेली. डोळे मिटलेले नव्हते. त्या त्याच्याकडे बघत होत्या, आणि रडत होत्या, आणि ते पुसत नव्हत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला आनंद झाला. इतका, की मी एक ठोका चुकवला आणि रीकोने वळून माझ्याकडे डोळे वटारले.

वाजवून झाल्यावर आम्ही मंचामागे सॉसेज खात होतो. राबेनब्रोटच्या सीडी विकायला एक खोकं ठेवलं होतं, तिथे लोकांची झुंबड. फोल्कमारने पाहिलं तर खोक्यामागे आपली बायको.

"हे आत्ता ऐकलं तेच आहे ना यात?" एक मुलगी विचारत होती.

"नाही," बाई म्हणाल्या. "यात ते नाही. दुसरी निघेल. थांबा."

"ट्राउडल," फोल्कमार म्हणाला, "अगं, विकायच्या आहेत त्या."

"खोटं सांगून विकू?" बाई म्हणाल्या. मग त्याची बाही धरून त्याला बाजूला नेलं. मी जवळच होते. मुद्दाम ऐकलं असं नाही, पण कान झाकलेही नाहीत. "तुला मी चुकीच्या जागी ठेवलं नाही," त्या म्हणत होत्या. "त्या सीडीत तू नव्हतासच. तू कोण आहेस तेच मला ठाऊक नव्हतं. आणि ते माझ्यामुळे." फोल्कमारच्या दाढीला मोहरी लागली होती. ती त्यांनी अंगठ्याने पुसली.

दुसरी सीडी तळघरात करायची नाही, हे दोघांनी मिळून ठरवलं. ओळखीच्या एका धनगराचा मेंढ्यांचा गोठा होता, उंच छताचा, दगडी. मेंढ्या कुरणावर गेल्यावर तो रिकामा व्हायचा. तंत्रज्ञ तोच, आपलं यंत्रांचं टेबल गाडीत घालून आलेला, सारखा बुटांचे तळवे बघणारा. बाई हार्त्सचं वासाचं चीज घातलेले ब्रेड घेऊन आल्या आणि त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. मेंढ्यांच्या वासात चीजचा वास मिसळला तसा रीको म्हणाला, "आता हेरिंग असती तर घरच्यासारखं वाटलं असतं."

आम्ही सगळ्यांनी एकदमच वाजवायचं ठरलं, बाजारात वाजवतो तसं. ढोलामागून मला ते टेबल समोर दिसत होतं. फोल्कमारने काखेतली पिशवी दाबली आणि पाइप त्या दगडी भिंतींवर जाऊन आदळला, तसा तंत्रज्ञ दचकला. त्याचा हात सरकत फोल्कमारच्या आवाजाच्या बटणाकडे गेला. धंद्याची सवय, त्याचा तरी काय दोष. बाईंनी तो हात मधेच धरला.

तो त्यांच्या कानाशी वाकून ओरडला, "बाई, हा सगळ्यांच्या डोक्यावर बसतोय."

"बसू दे," बाईही ओरडल्या. "माझा नवरा आहे."

रस्ता ओलांडताना लहान मुलाचा धरावा तसा तो हात त्यांनी आपल्या मांडीवर ओढून घेतला, आणि गाणं संपेपर्यंत सोडला नाही.